गिरणेची वाळू, रावेरचे बोर आणि तापीचं खोरं: पाणी मुरतं कुठे?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

भडगाव, पाचोरा, एरंडोल या पट्ट्यात गिरणेच्या काठावरच्या विहिरी होळीच्या आधीच तळ दाखवायला लागल्या आहेत. पारावर विचाराल तर कारण प्रत्येकाकडे तयार आहे. कोणी म्हणतं धरणातून आवर्तनं (ठरावीक दिवसांनी सोडायच्या पाण्याच्या पाळ्या) कमी झाली, कोणी म्हणतं पाऊसच पहिल्यासारखा राहिला नाही, कोणी ऊसवाल्यांवर खापर फोडतं. माझ्या मते मोठं कारण रोज डोळ्यांसमोरून ट्रॉलीत भरून जातंय. त्यावर बोललं की लोक विषय बदलतात, म्हणून इथे मांडतो.

तापी मुलताईला उगम पावते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहते. खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, त्यातला जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात. हे आपण शाळेत पाठ केलंय. शाळेत कोणी सांगितलं नाही ते असं, की तापीच्या दोन तीरांवरच्या नद्या एकमेकींच्या सख्ख्या तर सोडाच, चुलत बहिणीही वाटणार नाहीत. दक्षिणेच्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर लांबून येतात, सह्याद्रीतून नाहीतर अजिंठ्याच्या डोंगरातून, आणि बरीचशी वाट काळ्या पाषाणावरून काढतात. उत्तरेच्या सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई सातपुड्यातून धाडकन उतरतात आणि थोडक्यात तापी गाठतात. मधे तापीचा गाळ, काही ठिकाणी शेकडो फूट जाड.

आता गिरणा. आमच्याकडे नदीच्या दोन्ही बाजूंना वर माती, मग मुरूम, मग खडक. खडकात पाणी फक्त भेगांमध्ये. काठच्या विहिरींना बारमाही पाणी असायचं ते खडकामुळे नाही, पात्रातल्या वाळूमुळे. पाण्याने भरलेल्या एक घनमीटर जाड वाळूतून साधारण २०० लिटर पाणी सुटं होतं. तेवढ्याच झिजलेल्या खडकातून २०-३० लिटर मिळालं तरी नशीब समजायचं. धरून चला की पात्र १०० मीटर रुंद आणि वाळूचा थर ३ मीटर. एका किलोमीटरमध्ये ३ लाख घनमीटर वाळू झाली, म्हणजे ६ कोटी लिटर पाणी. ना भिंत, ना दरवाजे, ना पुनर्वसन. शिवाय वाळूच्या पोटात दोन-तीन हात खाली गेलेल्या पाण्याला आपल्याकडचं मे महिन्याचं ऊनही फारसं काही करू शकत नाही. उघड्या तलावाचं पाणी मात्र ४५ अंशाला बघता बघता उडतं.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पावणेतीन घनमीटरच्या आसपास. म्हणजे एक ब्रास वाळू गेली की साडेपाचशे लिटर पाण्याची जागा गेली. ती जागा दर पुराला आणि दर आवर्तनाला नव्याने भरणारी होती, हे विसरू नका.

माझा मुद्दा एवढाच. वाळू हे बांधकामाचं सामान आहे तसंच ते आमचं धरण आहे, आणि ते आम्ही ब्रासने विकतोय. चूक असेल तर सांगा, पण आकडे घेऊन सांगा.

ट्रॅक्टरवाला

भाऊ, आकडे छान आहेत. पण घरकुल मंजूर झालेल्या माणसाने वाळू आणायची कुठून? नव्या धोरणात घरकुलाला ५ ब्रास मोफत लिहिलंय. ती येणार नदीतूनच ना? गावात दोनशे पोरं ट्रॅक्टरवर पोट भरतात. तहसीलचं पथक आलं की पकडायचं आम्हाला, आणि रात्री हायवा (मोठे डंपर) जातात ते कोणाला दिसत नाहीत. वाळू तर दर पुराला येतेच. आजोबांच्या काळापासून काढतोय, नदी संपली का?

नाना पाटबंधारे

ट्रॅक्टरवाले भाऊ, "दर पुराला येतेच" यावर जरा बोलतो. माझी नोकरी पाटावर गेली म्हणून सांगायचा हक्क घेतो.

वाळू वरून येते. गिरणेच्या वरच्या अंगाला काय काय आहे ते मोजा. चणकापूर इंग्रजांच्या काळातलं, १९११ चं. पुनदवर एक धरण, आरमवर केळझर, मोसमवर हरणबारी. आणि या सगळ्यांच्या खाली नांदगाव तालुक्यात आपलं गिरणा धरण, १९६९ चं, उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी. नदीची जाड वाळू धरणाच्या फुगवट्यात शिरते तिथेच बसते. दरवाज्यातून खाली येतं ते गढूळ पाणी, वाळू नव्हे. धरणाच्या खाली गिरणेला वाळू देणाऱ्या उरल्या तितूर, मन्याड, अंजनी अशा उपनद्या, आणि त्यांच्यावरही बंधारे आणि धरणं झालीच. म्हणजे तुमच्या आजोबांनी काढली ती नवीन येणारी वाळू होती. आज काढतो ती मुद्दल आहे.

दुसरी गोष्ट आवर्तनाची. पिण्याचं पाणी नदीतून सोडलं की ते जामदा, दहिगाव असं करत खाली कानळद्याकडे जातं. पूर्वी वाळू ओली असायची, वरून पाण्याची जीभ सरकत सरकत पुढे जायची. आता पात्रात ठिकठिकाणी खड्डे आहेत. आधी तो खड्डा भरतो, मग पाणी पुढे सरकतं, मग पुढचा खड्डा. धरणातून तेवढंच पाणी सोडून शेवटच्या गावाला उशिरा आणि कमी मिळतं. मग टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची, गावं म्हणतात वरच्यांनी मोटारी टाकल्या. मोटारी असतातच, नाही म्हणत नाही. पण खड्ड्यांचा हिशेब कोणी धरत नाही.

आणि जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उचलायची विहीर. पात्र खाली गेलं की गावाच्या पाणीयोजनेची जॅकवेल वर लटकते. पुलाच्या पायाभोवतीचं काँक्रीट उघडं पडलेलं पाहिलं नसेल तर एकदा उन्हाळ्यात पात्रात उतरून पाहा. पूर्वीची वाळूची रेघ खांबावर दिसते, शेवाळाचा रंग बदलतो तिथे. ती रेघ आणि आजची वाळू यांच्यामधलं अंतर टेपने मोजा, कोणाला विचारायची गरज नाही.

जिभाऊ_अमळनेर

आम्हना गावमा नदीमा झिरा खंदा की हातभर खाले पानी लागे. आते जेसीबीनं खंदा तरी धूळच निंघस.

बाकी नाना, तुमचं खरं आहे. झिऱ्याचं पाणी गोड आणि गार. लग्नाच्या पंगतीचं पाणी आम्ही बोरीतून झिरे करून आणायचो.

पुणेरी_खान्देशी

मला एक कळत नाही. आपण इतक्या बारीक गोष्टींवर का भांडतोय? नार-पार-गिरणा जोडला की प्रश्न सुटला. पश्चिमेला समुद्रात वाहून जाणारं पाणी बोगद्यातून गिरणेत आणायचं. २०२४ मध्ये राज्याने मान्यताही दिली. मोठा प्रश्न, मोठं उत्तर.

गिरणाकाठ

@पुणेरी_खान्देशी, पाणी येऊ दे, कोणाला नकोय? पण २०१९ पासून सलग चार वर्षं गिरणा धरण काठोकाठ भरलं. धरण भरलेलं असताना आमच्या काठच्या विहिरी एप्रिलमध्ये पूर्वीइतक्या का नव्हत्या, याचं उत्तर बोगद्यात नाही. धरण भरतं तेव्हा आवर्तनं जास्त मिळतात हे मान्य. पण दोन आवर्तनांच्या मधले जे चाळीस-पन्नास दिवस असतात, त्यात विहिरीला पाणी कोण देतं? वाळू. ती नसली की नळ चालू आणि नळ बंद, एवढंच उरतं.

आणि २०२३ ला धरण निम्म्याच्या आसपासच अडकलं, तेव्हा सगळ्यांनी पाहिलं काय झालं ते.

केळीवाला_रावेर

गिरणाकाठ दादा, तुमच्याकडे वाळूचं रडगाणं, आमच्याकडे बोराचं. पण गोष्ट तीच आहे म्हणून लिहितो, लांबलं तर माफ करा.

आमच्या रावेर-यावलकडे पाहणाऱ्याला वाटतं काय कमी आहे यांना. केळीचे हिरवेगार मळे, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागण) निसवतेय तोवर कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची) लागण, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन. पण भूजलाच्या सरकारी यादीत हे दोन्ही तालुके अतिशोषितमध्ये बसलेत ते आजचे नाहीत. दरवर्षी मुरतं त्यापेक्षा जास्त उपसतो, असा त्याचा अर्थ. माझ्या वडिलांच्या वेळी मोट चालायची त्या विहिरीत आज पाला पडलाय. मग आडवे बोर मारले, मग उभे बोर, मग पहिल्या बोराशेजारी दुसरा, मग पाइप वाढवत गेलो. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढे गेली की खोल विहीर धरतात. आमच्याकडे ६० मीटरला कोणी बोर म्हणत नाही, खड्डा म्हणतात!

आता गंमत बघा. आमच्याकडे खडक नाही, गाळ आहे. वाळू, गोटे, पिवळी माती, परत वाळू, असे थर. पाणी साठवायला जागा भरपूर आहे. मग कमी का? कारण या थरांत पाणी वरून फारसं शिरत नाही, मधे चिकणमातीचे थर आडवे येतात. ते शिरतं सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगर संपून मैदान सुरू होतं तिथे हजारो वर्षांत नद्यांनी गोटे, खडी, रेती आणून पसरवलीय. भूजलवाले याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर, नागोई अशा नद्या डोंगरातून फेसाळत येतात आणि या पट्ट्यात दगडगोट्यांत गडप होतात. पावसाळ्यात गेलात तर वर गुडघाभर पाणी आणि खाली दोन किलोमीटरवर कोरडं पात्र, असं समोर दिसतं. ते पाणी जमिनीखालून उतरत आमच्या बोरांपर्यंत येतं.

म्हणजे आमची बँक डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि आम्ही सगळे एटीएमवर रांग लावून बसलोय. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशमध्ये २०२५ ला तापी मेगा रिचार्जचा करार झाला, त्याचं मूळ हेच. तापीचं पाणी उंचावरून कालव्याने या पायथ्याच्या पट्ट्यात आणून सोडायचं आणि मुरू द्यायचं. होईल तेव्हा होईल. पण तोवर पायथ्याच्या नाल्यांतले गोटे क्रशरला जाताहेत, तिकडे कोणाचं लक्ष नाही.

ट्रॅक्टरवाला

आणि केळीला पाणी किती लागतं ते पण सांगा ना भाऊ. आमची वाळू दिसते, तुमची केळी दिसत नाही?

केळीवाला_रावेर

दिसते ना. ठिबक जळगाव जिल्ह्यात जेवढं आलं तेवढं देशात फार थोड्या ठिकाणी आलं असेल. पाटपाण्याच्या केळीपेक्षा एका झाडाला निम्मं पाणी लागतं म्हणा. पण झालं काय? वाचलेल्या पाण्यावर आम्ही आणखी केळी लावली. पीलबाग (केळीचा खोडवा) ठेवली. ज्या रानात कापूस आणि ज्वारी असायची तिथेही केळी. ठिबकने एकरी पाणी वाचलं, तालुक्याचं नाही वाचलं. हे माझ्या तोंडून ऐकून गावातले चार जण मला शिव्या घालतील, घालू देत.

धुळ्याची_माहेरवाशीण

पाणी वाटून घ्यायची अक्कल आपल्याकडे होती, ती गेली कुठे, हा माझा प्रश्न. पांझरेवर फड होते. माझं माहेर साक्री तालुक्यात, लहानपणी फड ऐकलेत, शेवटी शेवटी पाहिलेतही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात त्या वर्षी एकच पीक, सगळ्यांचं. एका फडात ऊस, एकात गहू-हरभरा, एकात बाजरी किंवा भात, आणि दरवर्षी फिरवायचं. जवळजवळ प्रत्येकाची प्रत्येक फडात थोडी थोडी जमीन. त्यामुळे पाणी कमी असलं की एक फड सोडून द्यायचा, म्हणजे सगळ्यांचंच सारखं नुकसान. वरच्याला भरपूर आणि टेलवाल्याला ठणठणाट, असं होतच नव्हतं. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, हवालदार त्यांच्यावर. मेहनताना धान्यात. उरलेलं पाणी सांडव्यातून परत नदीत, खालच्या बंधाऱ्याला. तीन-चारशे वर्षं हे चाललं, पांझरेवर, मोसमवर, आरमवर, गिरणेवरही.

विश्वेश्वरय्या नोकरीला लागले ते १८८४ मध्ये, आणि सुरुवातीच्या काळातच धुळ्यात आले. पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी सायफन बांधला. पुढे मोठी धरणं बांधणाऱ्या त्या माणसाची सुरुवात इथल्या पाटावर झाली, याचा आम्हा धुळेकरांना फार अभिमान. फडांचा अभिमान मात्र कोणाला नव्हता, म्हणून ते गेले.

नाना पाटबंधारे

ताई, गेले त्याची कारणं अभिमानाच्या पलीकडची आहेत. वर मालनगाव, लाटीपाडा, मग अक्कलपाडा झालं. नदीचं उन्हाळ्यातलं वाहणं थांबलं आणि बंधाऱ्याला पाणी सरकारी आवर्तनाने मिळू लागलं. विहीर आली, इंजिन आलं, वीज आली. ज्याच्याकडे स्वतःची विहीर तो फडाच्या पिकाला का बांधून घेईल? त्याला ऊसच लावायचा. एक फुटला की फड मोडला. फड माणसांच्या शहाणपणावर जेवढा उभा होता तेवढाच नदीच्या बारमाही वाहण्यावर. पांझरा वाहती ठेवणारं पाणी वरच्या डोंगरांतून आणि पात्रातल्या वाळूतून झिरपत यायचं. मग परत आपण गिरणाकाठ यांच्या मुद्द्यावरच येतो.

चक्रवाक_भुसावळ

पाण्याच्या हिशेबात पाखरं कोण धरणार म्हणा, पण दोन गोष्टी सांगते.

नदीसुरय नावाचा पक्षी आहे, राखी पाठ, काळी टोपी, पिवळी चोच. तो झाडावर घरटं करत नाही. मार्च ते मे, पात्रात उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटावर पायाने जरासा खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्या रंगाची, ठिपक्यांची; दोन हातांवर उभे असाल तरी दिसत नाहीत. भर दुपारी पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, नाहीतर ती उकडून जातील. मऊ पाठीची कासवंही वाळूतच अंडी घालतात. आता उपसा नेमका कोणत्या महिन्यांत होतो ते ट्रॅक्टरवाले दादांना विचारा. बेट अख्खं गेलं तर प्रश्नच मिटला. बेट राहिलं पण बाजूने खड्डे झाले, तर कुत्री कोरड्या पायाने बेटावर पोचतात की नाही एवढ्यावर सगळा हंगाम ठरतो. तापीत हतनूरच्या खाली बेटांवरच्या वसाहती विरळ होताना मी पाहतेय.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. हतनूरला ४१ दरवाजे, १९८२ चं धरण, आणि ते गाळाने भरत चाललंय. वर चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात आणि पूर्णा विदर्भातली काळी माती घेऊन येते. भुसावळचं पिण्याचं पाणी, वीजकेंद्र, रेल्वे सगळं त्याच साठ्यावर. पाटबंधारेवाल्यांच्या दृष्टीने हे संकटच. पण त्याच गाळामुळे फुगवटा उथळ झालाय आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, मोठी लालसरी यांचे थवे उतरतात. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळपेर जमिनीत टरबूज लागतं. गाळ काढा म्हणणाऱ्यांचं चूक नाही, पण सगळा फुगवटा खोल केलात तर यातली बरीचशी बदकं तिथे येणार नाहीत, त्यांना खोल पाण्यात काही काम नसतं.

म्हणजे वाळू पात्रात हवी तिथून आपण काढतो, आणि गाळ धरणात नको तिथे साठवतो.

जिभाऊ_अमळनेर

ताई, डांगराच्या वाड्या राहिल्या ना तुमच्या यादीत. तापीच्या आणि गिरणेच्या पात्रात भोई लोक खळगे करून, शेणखत घालून डांगर लावायचे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ढीग. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज हां, देशावरचे लोक गोंधळतात. वाळू गेली, वाड्या गेल्या. आता जे मिळतं ते प्लास्टिक अंथरलेल्या शेतातलं.

चाळीसगावकर

थोडं अवांतर. नदीची तब्येत पन्नास वर्षांत किती बदलली यावर आपण बोलतोय, पण आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला १९७० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली. त्यांचे मणी केलेले, एका तुकड्यावर नक्षी कोरलेली. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे गिरणेच्या खोऱ्यात शहामृग फिरत होते! तेव्हा हवा आजच्यापेक्षा कोरडी, सगळीकडे गवताळ माळ. पर्यावरण बदलतंच, त्यात नवल काय?

आणि पाणी कमी म्हणता, ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीने आमचं चाळीसगाव बुडवलं ते विसरलात का?

गिरणाकाठ

अवांतर आवडलं. पण शहामृग जायला हजारो वर्षं लागली. आमची वाळू जायला एक पिढी पुरली.

तितूरच्या पुराचं कारण निराळं. गौताळ्याच्या डोंगरावर एका रात्रीत बदाबदा पडलं आणि गावात नदीच्या पात्रात बांधकामं. पूर आला म्हणजे पाणी मुरलं असं नाही, उलट जेवढ्या जोरात जातं तेवढं कमी मुरतं.

शिरपूरचा_पाहुणा

कोणीच शिरपूर पॅटर्नचं नाव काढेना म्हणून मी काढतो. खानापूरकरांनी २००४ च्या सुमारास आमच्याकडे नाले रुंद आणि खोल करायला सुरुवात केली, सिमेंटचे बंधारे साखळीने बांधले, सांडव्याला दरवाजे नाहीत, पाणी थांबतं आणि मुरतं. कोरड्या विहिरींना पाणी आलं हे डोळ्यांनी पाहिलंय. मग सगळीकडे हेच का करत नाही? भडगावातही करा!

नाना पाटबंधारे

शिरपूरला जमलं कारण शिरपूर तापीच्या उत्तरेला आहे, खाली गाळाचे जाड थर आहेत आणि ते उपशाने रिकामे झालेले. वरची चिकणमाती पोकलँडने फोडली की पाणी खालच्या वाळूत उतरतं. खानापूरकर स्वतः भूवैज्ञानिक, त्यांनी जागा बघून केलं.

तोच प्रकार आमच्या दक्षिणेच्या खडकात डोळे झाकून केला तर काय होतं? वर पाच-सहा मीटर मुरूम, त्यातच पाणी साठतं, खाली घट्ट पाषाण. नाला त्या मुरमाच्या पार खाली खोदला की शेजारच्या रानात मुरलेलं पाणी उलट नाल्यात पाझरून निघून जातं. वरच्या शेतकऱ्याची विहीर आटते आणि फोटो मात्र भरलेल्या नाल्याचा निघतो. जलयुक्त शिवार योजनेच्या काळात अशी कामं झाली, चांगलीही झाली. पण मशीन कुठे थांबवायचं हे ठरवायला जागेवर कोणी नव्हतं. ठेकेदाराला घनमीटरचे पैसे मिळतात, तो कशाला थांबेल?

केळीवाला_रावेर

+१ नाना. आमच्या पायथ्याच्या पट्ट्यात तर खोदायचीही गरज नाही. गोटे आहेत तसे राहू द्या, वरच्या अंगाला जंगल राहू द्या, पाणी आपोआप मुरतं. माती वाहून आली तर गोट्यांच्या फटी बुजतात आणि मग पाणी वरून निघून जातं. यावल अभयारण्यात जंगल तोडून शेती झाली तिथून पावसाळ्यात येणारं पाणी लाल असतं, साध्या डोळ्यांना दिसतं.

सातपुड्याची_लेक

केळीवाले दादा, जंगल तोडणारे म्हणजे डोंगरातले आदिवासी, असं सरसकट लिहू नका. आमच्या पाड्यांवर २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाले, तिथे चराई बंद करून सलई, अंजन, मोह परत उभे राहिलेत. अंजनाचा पाला उन्हाळ्यात गुरांना टिकवतो, ते झाड आम्ही तोडत नाही, फांद्या छाटतो. डोंगरात पाणी मुरवतो आम्ही, बोर मारता तुम्ही, आणि डोक्यावर हंडा आमच्याच. मेगा रिचार्जचे कालवे कोणाच्या जमिनीतून जाणार, तेही एकदा बोला.

आणि रानपिंगळा, आमच्याकडचं छोटं घुबड, विसरू नका! १८८४ नंतर कोणालाच दिसला नव्हता, संपला असं धरून बसले होते. १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात सापडला.

केळीवाला_रावेर

ताई, बरोबर. मी एका ठिकाणचं पाहिलेलं लिहिलं, ते सगळ्यांवर टाकायचं नव्हतं. कालव्याच्या जमिनीचं आमच्याकडेही कोणी बोलत नाही, हे खरं.

ट्रॅक्टरवाला

ठीक आहे. समजा मानलं. मग काय करायचं? ट्रॅक्टर विकून पुण्याला सिक्युरिटीत लागायचं?

गिरणाकाठ

भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे ते सांगतो.

एक, वाळू काढायची तर जिथे ती साठून राहते आणि नको असते तिथली काढा. धरणांच्या फुगवट्याच्या शेपटीला, बंधाऱ्यांच्या मागे. तिथून काढलेल्या वाळूने साठाही वाढतो. तेवढ्या कामाला ट्रॅक्टर लागतीलच, हायवापेक्षा तेच सोयीचे पडतील. दोन, सरकारी बांधकामाला क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. आपल्याकडे काळ्या दगडाची कमी नाही. फक्त पायथ्याचे गोटे आणि नाल्यातले दगड नकोत, खाणीचा दगड. तीन, जॅकवेल आणि बंधाऱ्यापासून वर-खाली एक किलोमीटर अजिबात हात लावायचा नाही, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. रात्रीची राखण मात्र पूर्वीच्या जागल्यासारखी गावालाच करावी लागेल. पथकाच्या भरवशावर काही होत नाही.

नाना पाटबंधारे

ठरावाआधी मोजणी करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर. तुमच्या गावाजवळची विहीर कोणती आहे ते जिल्हा कार्यालयात विचारा, जुनी नोंद मिळते. त्याच महिन्यांत काठच्या पाच-सहा विहिरी तुम्हीही मोजा. दोन विहिरी वाळू शाबूत असलेल्या भागातल्या, दोन उपसा झालेल्या, एखादी नदीपासून लांब. टेपला वजन बांधायचं, कठड्यावर रंगाची खूण करायची आणि नेहमी त्याच खुणेवरून मोजायचं. मोटार बंद करून रात्रभर विहीर भरू द्यायची, पहाटे मोजायचं. नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

जिभाऊ_अमळनेर

बोरीकाठच्या दोन विहिरी माझ्याकडे. मार्चपासून लिहितो.

केळीवाला_रावेर

बोरात टेप जात नाही हो, पाइप आडवा येतो. काही युक्ती?

नाना पाटबंधारे

पुढच्या वेळी मोटार दुरुस्तीला वर काढाल तेव्हा बारीक पीव्हीसी पाइप सोबत सोडून ठेवा, त्यातून मोजता येतं. तोवर शेजारची जुनी विहीर असेल ती मोजा, कोरडी असली तरी "कोरडी" असं तारीख टाकून लिहा.

चक्रवाक_भुसावळ

मोजायला पात्रात उतराल तेव्हा बेटांवर जपून चाला, मार्चपासून अंडी असतात. आणि वसाहत दिसली तर ठिकाण इथे उघड लिहू नका, मला निरोप करा.

ट्रॅक्टरवाला

खांबावरची रेघ बघून आलो. नाना, आमच्या पुलाला माझ्या डोक्याच्या वर आहे. मे महिन्याची मोजणी ठेवा, टेप माझा.